खोबरेल आणि कोरियन न्हाणीघर

आमच्या बाथरूममधल्या फळीवर पूर्वी तीनच गोष्टी असायच्या: नवऱ्याचं दाढीचं सामान, ब्रश ठेवायचा पेला आणि माझी खोबरेलाची बाटली. मुलगी पंधरा वर्षांची झाली आणि त्या फळीवर कोरिया उतरला. आधी एक बाटली आली, मग तिच्या बहिणी आल्या, मग मावश्या आल्या. दाढीचं सामान खिडकीत गेलं, पेला बेसिनच्या कडेवर गेला. खोबरेल तेवढं जागचं हललं नाही, कारण मी ते हलू दिलं नाही.

या बाटल्यांना क्रम असतो, आणि तो चुकला तर माझी लेक शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी बघते. आधी चेहऱ्यावरचं तेल काढायला एक तेल. मग ते तेल काढायला फेस. मग एक पाणी, मग त्याहून जरा दाट पाणी, मग त्याहून दाट. एवढ्या साहित्यात मी चार माणसांचा स्वयंपाक करते. "नाकापेक्षा मोती जड झालाय," असं मी म्हटलं की ती "गेनाऊ, आई, गेनाऊ" म्हणते, म्हणजे बरोबर बोललीस, आता जा.

मी इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनमध्ये एका लॅबमध्ये काम करते, त्यामुळे दिसेल त्या बाटलीचं लेबल वाचायची मला खोड आहे. एकीवर चक्क गोगलगायीचा चिकट स्राव लिहिला होता. श्रावण चालू होता. घरात कांदा-लसूण बंद, आणि आमची कन्या तोंडाला गोगलगाय फासून साबुदाण्याची खिचडी खात बसलेली. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "खात नाहीये ना? मग उपास मोडत नाही." अशा बाबतींत तो नेहमी तिच्या बाजूनं असतो.

हे सगळं सुरू झालं तिच्या कपाळावरच्या पुटकुळ्यांमुळे. केसांच्या कडेनं ओळीनं उठायच्या, मग पाठीवर, खांद्यांवर. तिनं कपाळावर केस कापून घेतले, त्यावर जॅकेटची टोपी ओढली. वर्गाचा फोटो होता त्या दिवशी तिचं पोट दुखलं. मराठी मंडळाच्या गणपतीला तिनं येणं टाळलं, कारण तिथे कुणी ना कुणी मावशी हनुवटी धरून तोंड वर करते आणि विचारते, "हे काय गं झालंय?" माझ्या मुलीचा चेहरा मला दिवसचे दिवस नीट दिसायचा नाही.

फक्त रविवार सोडून. म्हणजे रविवारीही चेहरा दिसायचा नाही, पण ती असायची.

रविवारी सकाळी मी तिच्या डोक्याला तेल लावते, ती अगदी लहान असल्यापासून. हिवाळ्यात खोबरेल थिजून दगड होतं, म्हणून बाटली रात्रीच हायझुंगवर, म्हणजे खोलीतल्या हीटरवर, ठेवायची. सकाळी मी बाथरूममधल्या स्टुलावर बसते, ती खाली पाय पसरून, पाठ माझ्याकडे, तोंड फरशांकडे. आणि मग ती बोलते. इतर वेळी मी मराठीत विचारलं की ती जर्मनमध्ये एका शब्दात उत्तर देते. रविवारी मात्र कोण मैत्रीण कुणाशी बोलत नाही, गणिताचे सर कसे पक्षपाती आहेत, कोणता मुलगा कसा दिसतो, सगळं जर्मनमध्येच पण अखंड. तोंडासमोर आईचं तोंड नसलं की पोरी मोकळ्या होतात. माझ्या आईच्या पुढ्यात बसून मीही अशीच बडबडायचे.

शेवटी माझी आई करायची तेच मी करते. पाठीत एक हलका धपाटा आणि, "झालं, पळ!" पण ही पळायची नाही. दर रविवारी मान वाकडी करून म्हणायची, कानामागे राहिलं. तेही जर्मनमध्येच. राहिलेलं काहीही नसायचं. मी पुन्हा कानामागे बोटं फिरवायची आणि अजून एक गोष्ट बाहेर यायची.

आठवडाभरात माझी मुलगी माझ्या वाट्याला येते ती एवढीच. ते मला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची भीतीही वाटायची. एक दिवस ती म्हणेल, आता नको, मी मोठी झाले. त्या दिवसासाठी मी मनाची तयारी करत होते. तो आला मात्र भलत्याच वाटेनं.

झालं असं, की माझ्या वाढदिवसाला लॅबमधल्या बायकांनी मिळून मला एक गुटशाइन दिलं. भेट म्हणून काय द्यावं सुचलं नाही की इथे सगळे हे कूपन देतात. ते हायडेलबर्गमधल्या एका कोरियन सलूनचं होतं, दोघींसाठी, डोक्याच्या स्पाचं. "डोक्याचा स्पा? म्हणजे चंपीच ना," मी म्हटलं. लेक मात्र आनंदानं उडाली. सलूनला जायच्या शनिवारी ती जॅकेटची टोपी न ओढता निघाली, यावरून काय ते समजा.

जुन्या गावातल्या एका गल्लीत, सायकलींच्या गर्दीमागे ते सलून होतं. आत इतकं शांत, की माझ्या पिशवीचा आवाज मलाच मोठा वाटला. सलूनवाली माझ्याच वयाची, हसरी, जर्मन अगदी हळू आणि स्वच्छ बोलणारी. तिनं आम्हाला भाजलेल्या सातूचा गरम चहा दिला, मग माझ्या मुलीला खुर्चीत बसवलं आणि पेनएवढा एक कॅमेरा तिच्या डोक्यावर टेकवला. समोरच्या पडद्यावर तिचं डोकं दिसू लागलं. एकेक केस बांबूएवढा, आणि बुंध्याशी पिवळट, चमकदार थर.

"तेल लावतेस?" सलूनवालीनं विचारलं.

"हो. रविवारी."

"रात्रभर ठेवतेस?"

"सोमवारी सकाळी धुते."

सलूनवालीनं कॅमेरा कपाळाकडे सरकवला. "हे तेल खाली उतरतंय. तुझ्या या पुटकुळ्या..."

"माहितीये मला," माझी मुलगी म्हणाली.

"माहितीये?"

"आल्झो, म्हणजे, वाचलंय मी. वर्ष झालं. तेलानंच होतं ते. म्हणून तर बाकी सगळं लावते."

"मग तेल बंद का नाही करत?"

मी मागे कोपऱ्यात, हातात सातूचा चहा धरून बसले होते. खुर्चीतून मी दिसत नाही म्हणून असेल, किंवा तोंडासमोर आईचं तोंड नव्हतं म्हणून असेल, ती म्हणाली, "माझ्या आईला आवडतं ते."

गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते हे. वर्षभर ही पोरगी दर रविवारी माझ्या पुढ्यात बसून डोक्यावर पुटकुळ्या ओतून घेत होती, आणि सोमवारपासून दहा बाटल्यांनी त्या पुसत होती. का, तर आईला आवडतं. मला तिचा राग आला, मग इतकं भरून आलं की चहाच्या पेल्यात तोंड घालावं लागलं. सातूचा चहा मला मुळीच आवडला नव्हता, पण मी सगळा संपवला.

मग माझी पाळी आली. माझं डोकं पडद्यावर आल्यावर सलूनवालीनं कॅमेरा पुसून पुन्हा टेकवला. "तुम्ही लहानपणापासून?" तिनं विचारलं. जन्मल्यापासून, मी सांगितलं. टाळू भरणं म्हणजे काय हे मी तिला जर्मनमध्ये समजावायचा प्रयत्न केला आणि तिचे डोळे मोठे होत गेले. पुढचं मला फारसं आठवत नाही. डोक्याभोवती एक अर्धगोल नळी होती, तिच्यातून कोमट पाण्याचा पडदा केसांवर पडत राहिला, तिची बोटं कवटीवरून फिरली, माझ्या आईनंतर अशी कुणी फिरवली नव्हती, आणि मी झोपले. घोरलेही, असं मुलीनं नंतर साभिनय दाखवलं.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, मी म्हटलं, "मला सांगायचंस की गं."

ती खिडकीबाहेर बघत जर्मनमध्ये म्हणाली, "तू दुखावली असतीस."

"आणि आता नाही दुखावले का?"

"आता थोडी. पण डोकं छान दिसतंय तुझं."

त्या शनिवारी रात्री मी बाटली हायझुंगवर ठेवली नाही. सकाळी ती उठली, बाथरूमच्या दारापर्यंत आली, मी स्टुलावर बसलेली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "तेल नको," मी म्हटलं, "नुसतंच चोळू का?" ती बसली. पण तेलाशिवाय बोटं केसांत अडकतात, तिला दुखायला लागलं, मला घाम आला, आणि सगळा प्रकार उवा शोधल्यासारखा व्हायला लागला. शेवटी ती "या, गूट" म्हणाली, म्हणजे बरं, राहू दे, आणि उठली.

मी हार मानणारी नाही. पुढच्या रविवारी म्हटलं, तुझ्या कोरियालाच आपल्यात घेऊ. तिचे ते ओले कागदी मुखवटे असतात ना, डोळ्यांना आणि तोंडाला भोकं पाडलेले, ते दोघींनी लावले. सोफ्यावर शेजारी शेजारी आडव्या पडलो. मी बोलायला सुरुवात केली तर तिनं ओठ न हलवता मला गप्प केलं. हसायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर सुरकुत्या पडतात आणि रस गळतो. तेवढ्यात नवरा ब्रेड घेऊन आला आणि दारातच "अगं आई गं!" म्हणून ओरडला. दोन पांढरी भुतं सोफ्यावर. आम्हाला हसू फुटलं आणि दोन्ही मुखवटे गळून मांडीत पडले. मजा आली, नाही असं नाही. पण बोलणं झालं नाही.

मग एकदा ती मला चेहऱ्याच्या ट्रीटमेंटला घेऊन गेली, त्याच सलूनमध्ये. काचेसारखी त्वचा करतात म्हणे. काचेसारखी झाली का ते माहीत नाही, माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीनं विचारलं की सुट्टीवर जाऊन आलीस का, म्हणजे काहीतरी झालं असणार. पण तिथेही ती एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत.

इकडे तिच्या पुटकुळ्या ओसरायला लागल्या. कपाळ उघडं पडायला लागलं, मग केस मागे गेले, टोपीचं जॅकेट खुंटीला लागलं. ती मैत्रिणींकडे जायला लागली, रविवारीही. माझ्या मुलीचा चेहरा गावभर सगळ्यांना दिसायला लागला आणि मला ती दिसेनाशी झाली. मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. पण रविवारी सकाळी मी स्टुलावर जाऊन उगीच बसायचे, मोबाइल घेऊन, आणि बाहेरून नवरा विचारायचा, "अगं, आत कुणी आहे का?"

हे बहुतेक तिनं पाहिलं असावं. एके दिवशी जेवताना म्हणाली, फ्रँकफुर्टच्या बाहेर एक कोरियन न्हाणीघर आहे. गरम पाण्याचे हौद, वाफेच्या खोल्या, आणि अंग घासून देणाऱ्या बायका. जायचं का?

"अंग घासून देणाऱ्या?"

"हो. मळ काढतात. सगळा."

मी कान टवकारले. हा विषय माझा! दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला माझी आई आम्हा भावंडांना उटणं लावून असं घासायची की पाठीला रांगोळी काढल्यासारखे पट्टे उठायचे. कोरियाच्या बायका काय घासणार. आणि अंग घासायचं म्हणजे आधी काय करतात हे कुणी मला शिकवायला नको होतं. त्या शनिवारी पहाटे उठून मी अंगाला व्यवस्थित तेल चोळलं. डोक्यापासून टाचेपर्यंत. ते मुरावं म्हणून वरून जुना पंजाबी ड्रेस चढवला आणि गाडीत बसले. लेकीनं नाक मुरडलं, "आई, कसला वास येतोय?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं."

न्हाणीघर टायरच्या दुकानाशेजारी होतं. बायकांची बाजू वेगळी. आत गेल्यावर कळलं की सगळ्या कपड्यांविना आहेत. मी जर्मनीत इतकी वर्षं राहून एकदाही साउनाला गेले नव्हते, याच एका कारणासाठी. मी टॉवेल छातीशी असा धरून उभी राहिले की जणू कुणीतरी ओढून नेणार आहे. मुलगी पाठ भिंतीला लावून उभी, कारण पाठीवर अजून डाग होते. शेजारून एक आजीबाई, पूर्ण उघड्या, खुशाल सफरचंद खात चालत गेल्या. आमच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या आजीबाईंमुळे मला धीर आला.

आणि पुढे पाहते तर काय, भिंतीच्या कडेनं ओळीनं नळ, प्रत्येकापुढे एक बुटकं प्लास्टिकचं स्टूल, एक घमेलं आणि पाणी घ्यायला एक भांडं. बादली-तांब्याच की! मी टॉवेल खुंटीला टांगला आणि त्या स्टुलावर फतकल मारली. इतक्या वर्षांत जर्मनीत पहिल्यांदा मला नीट अंघोळ करतोय असं वाटलं. उभं राहून फवाऱ्याखाली करतात ती काय अंघोळ.

मग माझा नंबर पुकारला गेला. घासणाऱ्या बाई ठेंगण्या, दणकट, हातात खरखरीत हिरवा हातमोजा. त्यांनी मला टेबलावर पालथी पाडलं, वर गरम पाणी ओतलं, आणि पाठीवरून हात फिरवला. हातमोजा सुळकन घसरला. पुन्हा फिरवला, पुन्हा घसरला. त्यांनी तो हातमोजा नाकाशी नेला, मग मला एक चापट मारली.

"ओल?" त्या ओरडल्या. जर्मनमध्ये तेलाला ओल म्हणतात.

"ओल," मी कबूल केलं. "कोकोस."

पुढचं त्या कोरियनमध्ये बोलल्या, त्यामुळे माझी अब्रू वाचली. तात्पर्य एवढंच, की इथे बिनतेलाच्या, भिजलेल्या कातडीचा मळ निघतो, तेलकट कातडीचा नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्यांनी मला टेबलावरून उतरवलं, साबण दिला, हौदाकडे बोट केलं आणि पुढच्या बाईला बोलावलं. माझा नंबर गेला. हौदात गळ्यापर्यंत बसून माझी मुलगी हे सगळं बघत होती आणि हसून हसून पाण्यात बुडायच्या बेतात होती.

मी तीनदा साबण लावला, मग तिच्या शेजारी हौदात बसले. गरम पाण्यात हळूहळू हाडं सैल झाली. थोड्या वेळानं त्या घासणाऱ्या बाई येताना दिसल्या. माझी पाण्याबाहेर आलेली पाठ त्यांनी अंगठ्यानं चोळून पाहिली, मान हलवली, मग एक नवा हातमोजा माझ्या मुलीच्या हातात दिला. आधी तिच्याकडे बोट, मग माझ्या पाठीकडे. तूच घास, मला वेळ नाही. आणि आसपास पाहिलं तर सगळीकडे तेच चाललेलं. लेकी आयांच्या पाठी घासत होत्या, आया लेकींच्या.

मी बुटक्या स्टुलावर बसले. ती माझ्या मागे दुसऱ्या स्टुलावर. माझं तोंड फरशांकडे.

पहिल्या हातालाच ती किंचाळली, "ईऽऽ! आई! शेवया!" खरंच, काळपट शेवया सुटत होत्या. मी म्हटलं, "घास, घास, लाजू नकोस." तिनं दात-ओठ खाऊन घासायला सुरुवात केली. कंबरेपासून वर, खांद्यापर्यंत, पाणी ओतून पुन्हा खालून. तिच्या हाताला एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि मी बोलायला लागले. का ते सांगता येत नाही. समोर फक्त फरशा होत्या. म्हटलं, अगं, तू खोलीचं दार लावून बसतेस ना, तेव्हा मी बाहेरून उगीच भांडी आपटते. म्हटलं, तुझ्या वयाची असताना माझ्याही पाठीवर अश्शाच पुटकुळ्या होत्या, आणि मी बिनबाह्यांचा ब्लाउज कधीच घातला नाही, त्याचं अजून वाईट वाटतं. म्हटलं, तेल बंद झालं याचं काही नाही गं, पण रविवारी मला करमत नाही. लॅबमधल्या कटकटी सांगितल्या, बॉस कसा आहे ते सांगितलं. ती मध्ये मध्ये "हं" म्हणत होती, एखादा जर्मन शब्द टाकत होती, आणि घासत होती. तिची स्वतःची डागाळलेली पाठ एव्हाना सगळ्या न्हाणीघराकडे होती, आणि तिला त्याची आठवणही नव्हती.

शेवटी तिनं भांडंभर पाणी माझ्या डोक्यावरून ओतलं, पाठीत सणसणीत धपाटा घातला आणि म्हणाली, "झालं, पळ!"

मराठीत. अगदी माझ्या आईच्या सुरात.

मी उठले नाही. मान जरा वाकडी केली आणि म्हटलं, "कानामागे राहिलं."